अडीचची, चारची की सहाची?

प्रश्न: आमच्या बोअरची 5 एचपी थ्री फेज पाणबुडी मोटर दोन वर्षांत दोनदा जळाली. मोटर 350 फुटांवर सोडलेली आहे, आणि स्टार्टरच्या पेटीपासून बोअर 900 फूट लांब. प्लेटवर 9 अँपिअर आहे, पुस्तिकेत किमान 350 व्होल्ट लिहिलेत. मोटर चालू असताना पेटीत 370 व्होल्ट दिसतात. सगळीकडे अडीचची (गाभ्याची जाडी 2.5 चौरस मिलिमीटर) तांब्याची चपटी केबल आहे. दुकानदार म्हणतो, पाच एचपीला अडीच भरपूर. वायरमन चारची सांगतो. मेहुणे सहाची घ्या म्हणतात. कुणाचं ऐकू?
(एक वाचक, माण तालुका)

उत्तर: मेहुण्यांचं, पण सगळं नाही.

पेटीत मोटर चालू ठेवून व्होल्टेज मोजलंत, हे फार बरं केलंत. बहुतेक जण मोटर बंद असताना मीटर लावतात आणि 410 आले म्हणून खूश होतात. मी पस्तीस वर्षं मोटरी भरल्या, म्हणजे जळक्या मोटरींची गुंडाळी नव्याने घातली. दुकानात जळकी मोटर आली की माझा पहिला प्रश्न एकच असायचा: पेटीपासून मोटरीपर्यंत वायर किती? त्याचं उत्तर क्वचितच मिळायचं. एचपी मात्र सगळ्यांना तोंडपाठ.

दुकानदार फक्त एचपी बघतोय. 9 अँपिअरला अडीचची केबल तापून वितळणार नाही, तेवढ्यापुरतं त्याचं खरं आहे. पण तुमची केबल 900 अधिक 350, म्हणजे 1250 फूट, जवळजवळ 380 मीटर आहे. एवढ्या लांबीत अडीचची केबल साधारण 40 व्होल्ट खाते. पेटीत 370, तर खाली मोटरीला 330. चारची घातली तर 25 व्होल्ट जातात, उरतात 345. म्हणजे वायरमनचं ऐकलंत तरी पुस्तिकेच्या आकड्याखालीच. सहाच्या केबलमध्ये 17 जातात आणि 353 उरतात. पास, पण काठावर. एखाद्या संध्याकाळी डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) सगळ्यांच्या मोटरी एकदम सुरू झाल्या की हे तीन व्होल्टही गेले.

व्होल्टेज कमी झालं म्हणून पाणी उपसण्याचं काम कमी होत नाही. मोटर तेवढंच काम करायला जास्त करंट ओढते आणि वायंडिंग, म्हणजे आतली गुंडाळी, तापतं. मग पेटीतला रिले, म्हणजे करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा भाग, ट्रिप मारायला लागतो. मग कुणीतरी स्क्रू-ड्रायव्हरने रिले 9 वरून 13-14 वर फिरवून ठेवतो, ट्रिपिंग थांबतं, आणि महिन्याभरात मोटर माझ्यासारख्याच्या टेबलावर येते. आज घरी गेलात की आधी पेटी उघडून रिलेचा आकडा बघा. मला उत्तर माहीत आहे, तरी बघा.

आणि मोटर भरणाऱ्याला विचारा की तिन्ही फेजची गुंडाळी सारखीच काळी पडली होती का. तिन्ही सारख्या असतील तर कमी व्होल्टेज किंवा जादा लोड. दोन जळाल्या आणि एक कोरी राहिली असेल तर एक फेज गेला होता. मग केबल बदलून भागणार नाही, पेटीत सिंगल फेज प्रिव्हेंटर, म्हणजे एक फेज गेला की मोटर बंद करणारं यंत्र, बसवावा लागेल.

आता खर्चाचं. सगळीकडे सहाची घेण्यापेक्षा केबलचे दोन तुकडे समजा. बोअरमधल्या 350 फुटांना चारची तांब्याची चपटी केबल पुरते. जमिनीवरच्या 900 फुटांना जाड हवी, तांब्याची घेतलीत तर दहाची. तिची किंमत ऐकून दचकू नका, कारण तिथे तांबं लागतच नाही. 16 ची ॲल्युमिनियम आर्मर्ड (पोलादी कवचाची) केबल दहाच्या तांब्याएवढंच काम करते आणि बरीच स्वस्त पडते. या जोडीत सगळे मिळून 14 व्होल्ट जातात, मोटरीला 356 मिळतात. म्हणजे सगळीकडे सहाची घालून मिळतात त्यापेक्षा जास्तच. आर्मर्ड अडीच फूट खोल गाडा, म्हणजे नांगराचीही भीती नाही आणि उंदरांचीही. तांबं आणि ॲल्युमिनियम नुसतं पिळून जोडू नका, तो जोड पावसाळ्यात हिरवा-पांढरा होऊन सडतो. बोअरच्या तोंडाशी पेटी बसवा आणि त्यात बायमेटल लग (एका बाजूला तांबं, दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियम असलेलं जोडटोक) वापरा. ॲल्युमिनियम पाण्यात सोडायचं नाही, हे मात्र पक्कं.

चपटी केबल घेताना आयएसआय शिक्का आणि आयएस 694 हा आकडा छापलेला बघाच, पण छपाईवर समाधान मानू नका. आमच्या स्वतःच्या विहिरीसाठी मी एकदा चारची म्हणून बंडल आणलं. हातात घेतल्यावर हलकं वाटलं, म्हणून रात्री ओट्यावर एक टोक सोलून तारा मोजायला बसलो. चारच्या एका गाभ्यात (केबलमधल्या एका वायरीत) 0.3 मिलिमीटरच्या 56 तारा असतात. माझ्या भरल्या 44. बायको म्हणाली, परत मोजा. पुन्हा 44. दुसऱ्या दिवशी खात्री म्हणून एक मीटर गाभ्याचं नुसतं तांबं सोनाराच्या काट्यावर घातलं. साडेपस्तीस ग्रॅमच्या जागी 28 भरलं. बंडल परत गेलं, पैसे मिळायला मात्र दिवाळी उजाडली. अडीचमध्ये 36 तारा असतात आणि सहामध्ये 84. एखादी तार ब्लेडने खरवडूनही बघा. आतून पांढरी निघाली तर ते तांबं नव्हे, तांब्याचा मुलामा आहे.

प्रश्न: मोटर आणखी 60 फूट खाली सोडायची आहे. जुन्या केबलला तुकडा जोडला तर पाण्यात टिकेल का?
(एक वाचिका, जत)

उत्तर: टिकेल, ताई, घाई केली नाहीत तर. मोटरीच्या शेपटीला तसाही एक जोड पाण्यात असतोच. तुकडा जुन्या केबलच्याच मापाचा किंवा जाड घ्या. तिन्ही गाभे एकाच ठिकाणी कापू नका. चार-चार बोटांच्या पायऱ्या ठेवून कापा, म्हणजे एकाचा जोड दुसऱ्यासमोर येत नाही आणि गाठही जाड होत नाही. बोअरमध्ये ती पाइपाला आणि भिंतीला घासते, म्हणून हे महत्त्वाचं. तारा घासून चकचकीत करा, एकमेकांत गुंफा, डाख द्या. मग प्रत्येकावर आधी रबर टेप ताणून, त्यावर पीव्हीसी टेप, आणि शेवटी तिन्हींवर मिळून पुन्हा तेच. संध्याकाळी जोड बादलीत बुडवून ठेवा, टोकं मात्र बाहेर. सकाळी वायरमनला मेगर, म्हणजे वायरीचं इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावायला सांगा. काटा खाली आला तर टेप सोडून पुन्हा करा. बादलीतला जोड उकलायला अर्धा तास लागतो, बोअरमधला काढायला चार माणसं आणि दिवसाची मजुरी. सोडताना दर दहा फुटांवर केबल पाइपाला बांधा, ताणून नको, जरा सैल. मोटर दोरावर धरायची, केबलला लोंबकळू द्यायची नाही.

प्रश्न: घरच्या बोअरची 1 एचपी सिंगल फेज मोटर आहे, तरी तीन गाभ्यांची केबल का मागतात? तिसरा अर्थिंगचा ना?
(एक वाचक, सासवड)

उत्तर: नाही. मोटर सुरू व्हायला लागणारा कपॅसिटर वर पॅनेलमध्ये असतो, त्यामुळे सुरू करायची गुंडाळी, चालवायची गुंडाळी आणि दोघींची सामायिक, अशा तीन वायरी खाली जातात. अर्थिंगची तार वेगळी सोडावी लागते. तिसरा गाभा अर्थिंगला जोडलात तर मोटर नुसती घूं घूं करत बसेल.