आधी रात्रपाळीच्या हाती द्या

प्रश्न : राजापूरजवळ आमचं २० खाटांचं रुग्णालय आहे. केसपेपर बंद करून सगळ्या नोंदी कॉम्प्युटरवर घ्यायच्या आहेत. दोन सॉफ्टवेअर पाहिली, दोन्ही चांगली वाटली. निवड कशी करू?

उत्तर : मॅडम, कंपनीचा माणूस दाखवतो तेव्हा सगळीच चांगली वाटतात. तेव्हा लाइट गेलेली नसते, नातेवाईक डोक्यावर उभे नसतात. दोन्ही सॉफ्टवेअर आठवडा आठवडा रात्रपाळीच्या सिस्टरच्या हाती द्या.

मी चिपळूणला वॉर्डात २५ वर्षं काढली. भातलावणीच्या दिवसांत रात्री सर्पदंशाचा पेशंट आला की २० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी लावायची, विष भिनल्याची लक्षणं असतील तर अँटीव्हेनमच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाच्या, १० वायल (छोट्या बाटल्या) सलाइनमधून सुरू करायच्या, रिअ‍ॅक्शन येतेय का ते बघत बसायचं. त्या गडबडीत सिस्टर वेळा तळहातावर लिहून ठेवते आणि तासाभराने टाइप करते. तर बघा, औषध दिल्याची वेळ आणि नोंद केल्याची वेळ सॉफ्टवेअर वेगळी ठेवतं का. नाही ठेवलं, तर सव्वादोनला दिलेलं अँटीव्हेनम सव्वातीनला दिल्यासारखं दिसेल, आणि सहा तासांनी परत करायची चाचणी सकाळच्या सिस्टरकडून तासभर उशिरा होईल. माझ्या दृष्टीने हीच पहिली परीक्षा. नोंद दुरुस्त करताना जुनी नोंद पुसली जात असेल, तर ते घेऊच नका.

मग एका संध्याकाळी नेट बंद करून काम करून बघा. बॅकअप असतोच म्हणतील, पण कोऱ्या मशीनवर एका पेशंटची फाइल तुमच्यासमोर परत काढून दाखवायला सांगा. २२ जुलै २०२१च्या पुरात आमच्या तळमजल्यावरच्या केसपेपरांचा नुसता लगदा झाला. डायलिसिसच्या एका आजोबांची आठ वर्षांची फाइल त्यात होती, ती हातात धरली तर पानं सुटी होईनात. अजून डोळ्यांसमोर आहे ती. सर्व्हर निदान वरच्या मजल्यावर ठेवा.

१४ अंकी आभा क्रमांक (पेशंटचा सरकारी आरोग्य ओळख क्रमांक) जोडता येतो का, उद्या कंपनी बदलली तर नोंदी एफएचआयआर नमुन्यात, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरलाही वाचता येतील अशा ठरलेल्या साच्यात, हाती मिळतील का, हे करारात लिहून घ्या. पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावे लागतात, तेव्हा छापील प्रतही एकदा काढून वाचा.

आठवडा संपला की सिस्टरला विचारा, ड्युटी सुटल्यावर टायपिंगसाठी किती वेळ थांबावं लागलं. रोज अर्ध्या तासावर जात असेल तर दुसरं बघा.