घड्याळ का परत आलं?

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त चीनमधल्या चेंगडूला राहतो. शेजारच्या आजी भेटल्या की रोज ‘जेवलास का?’ विचारतात, पण बोलावत कधीच नाहीत. त्याने प्रेमाने दिलेलं भिंतीवरचं घड्याळही त्यांनी परत केलं. त्याचं काय चुकलं? – एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, मी त्याच शहरात आठ वर्षं राहतेय. ‘छ्र ल मा?’, म्हणजे ‘जेवलास का?’, हे आमंत्रण नव्हे, विचारपूस आहे. आपल्याकडे दारातून जाणाऱ्याला ‘झालं का जेवण?’ म्हणतात ना, तसंच. ‘छ्र ल’, म्हणजे जेवलो, एवढं हसून म्हटलं की पुरे.

घड्याळाचं मात्र मनाला लागेल असं आहे. चिनी भाषेत घड्याळ भेट देणं म्हणजे ‘सोंग चोंग’, आणि मरणाऱ्याला अखेरचा निरोप देणं याचा उच्चारही अगदी तोच. म्हाताऱ्या माणसाला ती भेट कशी वाटली असेल! त्याने आजींची मनापासून माफी मागावी. माहीत नव्हतं म्हटल्यावर त्या समजून घेतील.

मग फळं न्यावीत, पण चार नगांत नकोत. चार आणि मृत्यू हे शब्द कानाला जवळपास सारखेच लागतात. दोन्ही हातांनी द्यावीत. आजी दोनतीनदा ‘नको नको’ म्हणतील, ती रीत आहे, तेव्हा आग्रह सोडू नये.

मी पहिल्या वर्षी शेजारी बेसनाचे लाडू दिले होते. जूनमध्ये डबा परत आला तो झोंगझींनी भरून : चिकट तांदूळ, बांबूच्या पानात बांधून उकडलेला, अजून गरम.