'मूर्तिपूजक सेल्टिक लोक' आणि 'सॅमहेन देव': एका वाक्याची दुरुस्ती

एका वाचकाने विचारलं आहे: "अंकासाठी हॅलोविनवरच्या इंग्रजी लेखाचं भाषांतर करतोय. एक वाक्य असं झालंय: 'मूर्तिपूजक सेल्टिक लोक ३१ ऑक्टोबरच्या रात्री सॅमहेन या मृत्युदेवाची पूजा करत.' संपादकांनी 'सॅमहेन'खाली लाल रेघ मारली आहे. खरा उच्चार काय? आणि बाकीचं वाक्य चालेल ना?"

रेघ थोडी लांबवावी लागेल. पण आधी उच्चार, कारण इंग्रजाला नाही अशी एक सोय तिथे मराठी माणसाला आहे.

हे एका आयरिश सणाचं नाव, लिहितात Samhain. आयरिश लेखनात 'म'पुढे 'ह'चं अक्षर आलं की 'म्ह' वाचायचं नसतं. 'म' मऊ पडून 'व'कडे झुकलाय, एवढीच ती खूण असते. आता आपल्याकडे बघा: ग्रामचं गाव, नामचं नाव, पंचमचा पाचवा, भ्रमराचा भोवरा. जुन्या छापील पुस्तकांत 'गांव', 'नांव' असा अनुस्वार दिसतो ना, तो त्या विरघळलेल्या 'म'चा नाकात उरलेला अंश. स्कॉटिश गेलिक या आयरिशच्या बहीणभाषेत या सणाच्या नावात तो अनुनासिक अजून ऐकू येतो. तेव्हा देवनागरीत 'साउइन' लिहा. 'सा'वर जोर, 'इन' जवळजवळ गिळलेलं. (आणि कृपा करून कोणी याला हिंदीतल्या 'सावन'शी जोडू नका.)

माझा एक आयरिश सहकारी होता. त्याच्यासमोर मी एकदा ऐटीत 'सॅमहेन' म्हणालो. तो हसला नाही, पण मग त्याने हॅलोविनच्या रात्रीला त्यांच्यात काय म्हणतात ते म्हणून दाखवलं: 'ईहा हाउना'. म्हणजे साउइनची रात्र. 'रात्र' हा शब्द त्यांच्याकडेही स्त्रीलिंगी, आणि त्याच्यामागून आल्यामुळे 'स'चा 'ह' झाला. माझ्या सॅमहेनमधला 'न' तेवढा जागेवर राहिला होता.

त्याच्याकडून कळलेली दुसरी गोष्ट अधिक कामाची. आजच्या आयरिशमध्ये साउइन हे नोव्हेंबर महिन्याचं साधं नाव आहे. तसाच मे म्हणजे ब्यालतिना आणि ऑगस्ट म्हणजे लूनसा. हीही मुळात सणांचीच नावं. लोक साउइनमध्ये विजेचं बिल भरतात, दाताच्या डॉक्टरची वेळ घेतात. मृत्युदेव वगैरे कोणाच्या डोक्यातही येत नाही.

मग हा देव आला कुठून? १८व्या शतकात ब्रिटिश लष्करात चार्ल्स व्हॅलन्सी नावाचा अभियंता होता. नेमणूक आयर्लंडमध्ये. माणूस उत्साही, जमवाजमव दांडगी, पण व्युत्पत्तीला लगाम नाही. आयरिश भाषेचं मूळ तो फिनिशियन वगैरे पौर्वात्य भाषांत शोधत असे आणि त्या भरात त्याने साउइनमधून एक देव उभा केला. पुढच्या लेखकांनी तो उचलला आणि आज तो हॅलोविनच्या प्रत्येक लेखात हजेरी लावतो. मध्ययुगीन आयरिश कथांत साउइनचा उल्लेख वारंवार येतो, पण काळ म्हणून: तेव्हा आयर्लंडमधल्या 'तारा' नावाच्या टेकडीवर राजेलोक जमतात, मेजवान्या झडतात, भांडणं होतात. त्या नावाचा देव एकाही कथेत नाही. 'दिवाळी या देवीची पूजा' असं कोणी परदेशी लिहिलं तर आपल्याला जे वाटेल, तेच इथे झालं आहे.

शब्दाच्या अर्थाबद्दल दोन मतं आहेत आणि गंमत म्हणजे दोन्ही वाटा आपल्या ओळखीच्या शब्दांवरून जातात. मध्ययुगीन आयरिश लेखनात साउइनची फोड 'उन्हाळ्याचा अंत' अशी केली आहे. त्यातला उन्हाळावाचक 'सम्' म्हणजे आपल्या संस्कृत 'समा'चा भाऊ. समा म्हणजे वर्ष किंवा ऋतू. 'मा निषाद' श्लोकातला 'शाश्वतीः समाः' आठवा. दुसरं मत असं की मूळ अर्थ 'एकत्र जमणं', म्हणजे संगम-संमेलनातला 'सम्'. कथांमधले मेळावे पाहिले की मला हे दुसरं जास्त पटतं; 'अंत'वाली फोड मागाहून बसवलेली वाटते.

याच घराण्यातला आणखी एक शब्द फ्रान्समध्ये १८९७ साली जमिनीतून निघाला. कोलिन्यी गावाजवळ ब्राँझच्या एका मोठ्या पत्र्याचे तुकडे सापडले. जोडल्यावर जवळपास दीड मीटर रुंद पंचांग झालं: लिपी रोमन, भाषा गॉलिश (म्हणजे प्राचीन फ्रान्समधल्या, गॉलमधल्या केल्टिक लोकांची), काळ साधारण इसवी सनाचं दुसरं शतक. प्रत्येक तिथीशेजारी एक बारीक भोक आहे, रोज खुंटी एक घर पुढे सरकवायला. महिन्यांवर 'चांगला' आणि 'चांगला नाही' असे शेरे आहेत. त्यात 'समोनियोस' नावाचा महिना आहे आणि त्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात 'समोनियोसच्या तीन रात्री' नोंदल्या आहेत. तो महिना हिवाळ्याच्या तोंडाशी यायचा की उन्हाळ्यात, यावर विद्वानांचं अजून जुळत नाही. पण पाच वर्षांत बासष्ट चांद्रमास, त्यातले दोन अधिक, हा त्याचा हिशेब वाचून वेदांगज्योतिष चाळलेला माणूस जागीच थांबेल. तिथलं युगही पाच वर्षांचं आणि बासष्ट महिन्यांचंच. इकडून तिकडे कोणी गेलं होतं असं यातून सिद्ध होत नाही. चंद्र आणि सूर्य यांचा मेळ घालायला बसलं की कोणालाही महिना वाढवावाच लागतो.

'तीन रात्री' हा शब्द मात्र लक्षात ठेवा. गॉल लोक काळ दिवसांनी नाही, रात्रींनी मोजतात, असं ज्युलियस सीझरने लिहून ठेवलंय. सण आदल्या संध्याकाळी लागतो. म्हणून साउइन १ नोव्हेंबरचा आणि त्याची रात्र ३१ ऑक्टोबरची. तारखेत तुमची चूक नाही.

काही जण याला 'केल्टिक पितृपक्ष' म्हणतात, तेही टाळा. जुन्या आयरिश कथांत त्या रात्री उघडतात त्या 'शी', म्हणजे टेकड्या आणि टेकाडांखालच्या अद्भुत लोकांच्या वस्त्या. बाहेर येतात ते हे लोक, कोणाचे आजे-पणजे नव्हेत. ('बॅनशी'तला 'शी' हाच, बॅनशी म्हणजे टेकाडातली बाई.) मृतांचं स्मरण ठळकपणे जोडलं गेलं ते २ नोव्हेंबरच्या ख्रिस्ती दिवसामुळे.

सेल्टिक की केल्टिक? केल्टिक. ग्रीकांचे केल्टोई, रोमनांचे केल्टाय. 'स' फ्रेंचमार्गे शिरला. ग्लासगोचा फुटबॉल क्लब आणि बोस्टनचा बास्केटबॉल संघ तेवढे 'सेल्टिक', कारण ते स्वतःला तसंच म्हणवतात. बारीक मुद्दा असा की प्राचीन काळी आयर्लंडच्या लोकांना केल्ट कोणीच म्हटलेलं नाही, ना त्यांनी स्वतः, ना ग्रीक-रोमनांनी. एडवर्ड लूइड या वेल्श विद्वानाने १७०७ साली आयरिश, वेल्श, ब्रेटन, कॉर्निश आणि गॉलिश या एका कुळातल्या भाषा असल्याचं मांडलं, तेव्हापासून हे नाव त्यांना चिकटलं. म्हणजे केल्टिक हे आधी भाषाकुलाचं नाव, जसं आपण 'द्राविडी' म्हणतो. द्राविडी आलंच आहे तर सांगून टाकतो: ड्रुइड (केल्ट लोकांचे पुरोहित) म्हणजे द्रविड नव्हे, फॉरवर्ड कितीही वेळा येवो. ड्रुइडमधला शेवटचा भाग 'विद्', जाणणारा; पहिला बहुधा 'द्रु', द्रुमातला, दारूतला (लाकूड या अर्थाने). शब्द सगोत्र आहेत, माणसं नव्हेत.

राहिला 'मूर्तिपूजक'. हा शब्द मिशनऱ्यांच्या भाषांतरांतून आपल्याकडे रुळला आणि इथे तो नेमका उलटा पडतो. डायोडोरस या ग्रीक इतिहासकाराने एक किस्सा दिलाय. ब्रेनस नावाचा गॉल सेनानी इ.स.पू. २७९ मध्ये डेल्फी या ग्रीकांच्या तीर्थक्षेत्रावर चालून गेला. तिथे देवांच्या लाकडी आणि दगडी मूर्ती पाहून तो हसला: हे लोक देवाला माणसाचं रूप असतं असं समजतात! किस्सा ग्रीकांनी सांगितलेला, म्हणून जरा जपूनच घ्या. गॉलमध्ये दगडात कोरलेले चेहरे मिळाले आहेत आणि सीझरच्या काळी तिथे मूर्ती होत्या असं तोच सांगतो. पण उपासनेचा गाभा मूर्ती नव्हती. त्यांच्या पवित्र जागेचा शब्द 'नेमेटॉन'. इंग्रजी लेखांत त्याला 'पवित्र वनस्थळ' अशा अर्थाचं काहीतरी लांबलचक म्हणतात. आपल्याला एवढी यातायात नको. देवराई लिहा, वाचकाला झाडांसकट कळेल. गॉलच्या शिलालेखांत देवांची शेकडो नावं आहेत आणि बहुतेक एकेकदाच येतात, एका झऱ्याजवळ, एका गावात. त्यांनाही 'ग्रामदैवत' शोभून दिसेल.

खुद्द 'पेगन' म्हणजे तरी काय? लॅटिन 'पागानुस': पागुसमधला, म्हणजे खेडेभागातला. चौथ्या शतकात ख्रिस्ती लोकांनी इतरांना तो लावला. त्यात 'गावंढळ'ची छटा असावी, असं एक मत आहे. कोणत्याही केल्टने स्वतःला पेगन म्हटलं नसेल. आजच्या युरोपात जे मुद्दाम स्वतःला पेगन म्हणवतात त्यांच्यासाठी 'पेगन'च ठेवा. जुन्या लोकांसाठी 'ख्रिस्तपूर्व' म्हणावं तर ते इसवी सनाचं वाटतं, म्हणून 'ख्रिस्ती होण्यापूर्वीचे' असं सरळ लिहा. लांब आहे, पण खोटं नाही.

आता तुमचं वाक्य: 'ख्रिस्ती होण्यापूर्वीपासून आयर्लंडमध्ये हिवाळा लागताना साउइन हा सण पाळत, तो ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी सुरू होई.' 'पूजा करत' काढून टाकलंय, कारण त्या रात्री नेमका कोणता विधी होई हे लिहिणारं त्या काळचं तिथलं कोणी नाही. ज्या कथा आहेत त्या पुढे ख्रिस्ती मठांत लिहिल्या गेल्या. संपादकांना 'साउइन' विचित्र वाटलं तर त्यांना 'गांव'वरचा अनुस्वार दाखवा.