आमच्या नगरपंचायतीचा पहिला विकास आराखडा होतोय. गाव वाढावं पण बिघडू नये, यासाठी नागरिकांनी काय मागावं?

तुम्ही प्रश्नाच्या खाली लिहिलंय की, 'जास्तीत जास्त बागा, मैदानं आणि हिरवे पट्टे आराखड्यात दाखवून घ्यायचे, असं आमच्या समितीत ठरलंय.' या एका वाक्यामुळे मी उत्तर लिहितोय. तसं करू नका. निदान आधी माझी हकिगत वाचा.

हायस्कूलच्या मागे आमची सव्वा एकर जमीन होती. गावाचं नाव लिहीत नाही, पश्चिम महाराष्ट्रातलं तालुक्याचं गाव आहे एवढं पुरे. 1999 साली मंजूर झालेल्या आराखड्यात आमच्या त्या गटावर हिरवा रंग आला आणि वर लिहिलं, 'खेळाचे मैदान'. आमच्या अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, हरकत घेतली नव्हती. त्यांना उलट बरं वाटलं होतं. पोरं खेळतील, नगरपालिका मोबदला देईल, त्यात धाकट्या बहिणीचं लग्न होईल आणि घरावर मजला चढेल, असा त्यांचा सरळ हिशोब होता.

त्यानंतर दर वर्षी अंदाजपत्रकाची सभा झाली की अण्णा नगरपालिकेत जायचे. प्रत मागून घ्यायचे आणि 'भूसंपादन' हे शीर्ष शोधायचे. तिथे एक लाख रुपये असायचे. अख्ख्या गावात आरक्षणं, म्हणजे आमच्यासारख्या सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेल्या जागा, 29 आणि तरतूद एक लाख. घरी येऊन चष्मा खिशात ठेवत म्हणायचे, 'यंदा नाही.' असं नऊ वर्षं चाललं. मधल्या काळात बहिणीचं लग्न आलं. बँकेकडे गेलो तर त्यांनी झोन दाखला, म्हणजे आराखड्यात जमीन कशासाठी दाखवली आहे त्याचा दाखला, मागितला, आणि दाखल्यावर आरक्षण बघून ती जमीन तारण घ्यायला नकार दिला. शेवटी मळ्यातली दोन एकर बागायत विकली. ती विकताना अण्णा खरेदीखतावर सही करायला उठले ते भिंतीला हात लावून. 2008 मध्ये ते गेले.

त्या पडीक जमिनीचा एक दुसरा इतिहासही आहे, आणि तो सांगितला नाही तर मी अर्धंच सांगितल्यासारखं होईल. माझ्या धाकट्या भावाने तिथे खो-खोचा संघ उभा केला. फक्कीने रेषा आखायचा, दोन खांब पुरायचा आणि रोज संध्याकाळी तीस-चाळीस पोरं-पोरी धावायची. माझा मुलगाही त्यातच खेळला. जिल्ह्यापर्यंत दोनदा संघ गेला. माती एवढी मऊ झाली होती की पोरं बिनधास्त सूर मारायची.

आणि 2010 च्या दिवाळीनंतर मी नगररचना कायद्याच्या कलम 127 खाली नगरपालिकेला नोटीस दिली.

हे कलम तुमच्या समितीतल्या प्रत्येकाने वाचावं. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून 10 वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर ठरलेल्या मुदतीत संपादनाची पावलं पडली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे रद्द झाल्यात जमा. तेव्हा ती मुदत 12 महिन्यांची होती, 2015 पासून 24 महिने आहे. आम्हाला अकराव्या महिन्यात पत्र आलं की प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवला आहे. वकील म्हणाले, घाबरू नका. गिरनार ट्रेडर्सच्या खटल्यात 2007 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की नुसता प्रस्ताव पाठवणं म्हणजे संपादनाचं पाऊल नव्हे. वर्ष उलटलं, जमीन मोकळी झाली आणि आम्ही प्लॉट पाडले.

भाऊ एवढंच म्हणाला, 'दादा, तू मैदान विकलंस.'

पंधरा वर्षं होत आली, हे वाक्य अजून आमच्या दोघांत आहे. दिवाळीला पाडव्याच्या दिवशी जेवायला बसलो तरी ते ताटाशेजारी असतं. म्हणून आज इथे जाहीर लिहितो. गावाने कधी मैदान घेतलंच नव्हतं. होती ती आमच्या बापाची अडकलेली जमीन. गावाला मैदान हवं होतं तर एका वर्षासाठी घरपट्टी वाढवायची, कर्ज काढायचं, आमदार-खासदार निधी मागायचा, टप्प्याने पैसे द्यायचे. मी टप्पे मान्य केले असते, तसं लेखी दिलंही होतं. एका कुटुंबाने अकरा वर्षं फुकट मैदान पुरवावं आणि वर त्याच कुटुंबाला गावाचं वाटोळं केलं म्हणावं, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा नोटीस देईन.

आता तुमचा प्रश्न. काय मागावं?

पैशाचा कागद मागा. प्रारूप, म्हणजे कच्चा, आराखडा प्रसिद्ध झाला की सगळे रंगीत नकाशाभोवती गर्दी करतात. आपल्या गटावर कोणता रंग आला, रस्ता कुणाच्या ओट्यावरून गेला, एवढंच बघतात. पण नगररचना कायद्याच्या कलम 26 नुसार नकाशासोबत आणखी दोन गोष्टी असायला हव्यात: विकासाच्या टप्प्यांचा अहवाल आणि भूसंपादन व कामांचा अंदाजे खर्च. आमच्या गावात तो अहवाल माझ्याशिवाय कुणी मागितलेला मला तरी माहीत नाही. तो घ्या, शेजारी नगरपंचायतीची मागच्या पाच वर्षांची अंदाजपत्रकं ठेवा आणि भागाकार करा. भूसंपादनाचा खर्च 40 कोटी आणि वर्षाला बाजूला पडणारी रक्कम 20 लाख असेल, तर ती आरक्षणं पूर्ण व्हायला दोनशे वर्षं लागतील. 2014 पासून नवा भूसंपादन कायदा लागू झाल्यावर मोबदला वाढला आहे, तो वाढायलाच हवा होता, पण म्हणूनच हा हिशोब आता आणखी महत्त्वाचा झालाय.

नगररचना कायद्यातच कलम 31 चं पोटकलम 5 आहे. नियोजन प्राधिकरण, म्हणजे तुमच्याकडे नगरपंचायत, 10 वर्षांत जमीन घेऊ शकेल अशी खात्री पटल्याशिवाय शासनाने असं आरक्षण अंतिम आराखड्यात ठेवू नये, असं ते सांगतं. हरकतीत हे पोटकलम आकड्यासहित लिहा. 29 आरक्षणांऐवजी 6 मागा, पण खरी मागा. आणि ती आधी सरकारी, गावठाणातल्या, नगरपंचायतीच्या स्वतःच्या जागांवर मागा. कुणी म्हणेल मालकाला टीडीआर द्या, म्हणजे पैशाऐवजी दुसरीकडे जादा बांधायचा, विकता येणारा हक्क. मोठ्या शहरात त्याला गिऱ्हाईक असतं. जिथे लोक तळमजला आणि वर एक मजला बांधून थांबतात, तिथे जादा बांधकामाचा हक्क विकत घेणार कोण? मालकाच्या हातात नुसता दाखला राहतो.

टिकाऊपणाचं म्हणाल तर पाणी आणि ओढा, एवढ्या दोन गोष्टींवर अडून बसा. भुयारी गटार असलेल्या गावाला माणशी रोज 135 लिटर पाणी धरतात. 30,000 लोकवस्तीला ते 40 लाख लिटर होतं, आणि त्यातलं साधारण 80 टक्के सांडपाणी म्हणून परत बाहेर पडतं. म्हणजे रोज 32 लाख लिटर. हे जाणार कुठे, याची जागा नकाशात दाखवली आहे का? ही जागा खालच्या अंगाला, उताराच्या टोकालाच लागते, नंतर दुसरीकडे सरकवता येत नाही. म्हणून हे आरक्षण मी कधीही सोडायला सांगणार नाही. पाण्याच्या वापराला मीटरशिवाय लगाम नाही. कराडजवळच्या मलकापूरने मीटर बसवून चोवीस तास पाणी देऊन दाखवलंय. कचऱ्यासाठी वेंगुर्ल्याला जाऊन या, डेपोची जागा लोक मुद्दाम बघायला येतात. दोन्ही लहानच गावं आहेत.

ओढ्यांसाठी जुना गाव नकाशा आणि नवा प्रारूप नकाशा एकावर एक धरून बघा. ओढा जिथे अचानक संपतो तिथे कुणाचे तरी प्लॉट असतात. नदी असेल तर जलसंपदा विभागाची पूररेषा मागा. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. चिपळूणला 22 जुलै 2021 रोजी काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. गाव वसल्यावर रेषा आखायला गेलं की अख्खी बाजारपेठच त्यात सापडते. तुमचं गाव अजून लहान आहे, तुम्हाला ती आधी आखता येईल.

वाढ मात्र खरी होते ती हद्दीबाहेर, शेजारच्या ग्रामपंचायतीत, गुंठ्या-गुंठ्याने. तिथे तुमचा आराखडा लागूच होत नाही. यावर माझ्याकडे सोपं उत्तर नाही. हद्दवाढीला शेजारची गावं कराच्या भीतीने विरोध करतात आणि त्यांचं म्हणणं चूक नसतं.

आता एक गोष्ट, जी मी भावाला अजून तोंडावर बोललेलो नाही.

त्याने तेव्हा सुचवलं होतं, 'दादा, वीस गुंठे नगरपालिकेला फुकट देऊ, बाकीचे तीस सोडवून घेऊ.' मी म्हणालो होतो, असं कलम दाखव. आज बांधकामाच्या 2020 च्या एकत्रित नियमावलीत समावेशक आरक्षण आहे. काही भाग विकसित करून किंवा मोकळा करून द्यायचा आणि उरलेला मालकाने वापरायचा, असा मार्ग त्यात आहे. म्हणजे त्याची कल्पना वेडगळ नव्हती. तुमच्याकडे आरक्षणात अडकलेले जे मालक असतील त्यांना समितीने हा मार्ग जरूर समजावून सांगावा, माझ्यासारखं थेट नोटिशीवर जाण्याआधी.

दुसरं म्हणजे आमच्या ले-आउटमध्ये नियमाप्रमाणे 10 टक्के खुली जागा सोडली, पाच गुंठे. मंजुरी आली त्या रविवारी भाऊ टेप घेऊन आला. एक टोक त्याने स्वतः धरलं, दुसरं माझ्या मुलाला धरायला दिलं. खो-खोला 27 मीटर लांबी आणि 16 मीटर रुंदी लागते. आमच्या खुल्या जागेची रुंदी 13 मीटर भरली. आर्किटेक्टने प्लॉट चौकोनी बसवून जी पट्टी उरली तीच खुली जागा म्हणून दाखवली होती आणि मी सही केली होती. भाऊ टेप गुंडाळत म्हणाला, 'तीन मीटर कमी पडतात, दादा,' आणि गेला. एक प्लॉट कमी करून ती जागा रुंद करता आली असती. हे माझ्या हातात होतं, नगरपालिकेच्या नव्हे.

आमच्या गावाचा सुधारित आराखडा सध्या प्रारूप अवस्थेत आहे. हरकतींना 30 दिवस मिळतात, त्यात मी तीन हरकती दिल्या आणि तिन्हींवर आवक क्रमांकासह पोच घेतली. तुम्हीही घ्या, पोच नसेल तर हरकत दिल्याचा पुरावा हातात राहत नाही. पहिली हरकत भूसंपादनाच्या खर्चाबद्दल, दुसरी सांडपाण्याच्या जागेबद्दल. तिसरी अशी की यापुढे मोठ्या ले-आउटमधली खुली जागा उरलेल्या पट्टीत न देता निदान 16 मीटर रुंदीची, एकसलग असावी.

पहिल्या दोन अर्जांवर भावाने सही करायला नकार दिला. तिसऱ्यावर केली, आणि 16 खोडून 19 लिहिलं. कडेला दीड-दीड मीटर मोकळं लागतं म्हणाला.