खेळणं घ्यावं की फ्रिज?

प्रश्न : ताई, माझा धाकटा भाऊ पहिल्या पगारातून ‘मास्टरपीस’ मालिकेतला ऑप्टिमस प्राइम, म्हणजे ‘ट्रान्सफॉर्मर्स’मधला ट्रक होणारा खेळण्यातला रोबो, घ्यायचा म्हणतोय. आई म्हणते, एवढ्या पैशांत फ्रिज येईल. घेऊ द्यावा का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आईचं गणित चुकलेलं नाही. पण ही मालिका लहान मुलांसाठी नव्हेच. जपानच्या ताकारा या खेळण्यांच्या कंपनीनं २००३ मध्ये ती संग्राहकांसाठी काढली. दादरच्या माझ्या घरी एक आहे. पहिल्यांदा ट्रक करताना पाऊण तास गेला, वर नख तुटलं!

विकणाऱ्याकडून व्हिडिओ मागवा. घोटे आणि कंबर सैल असेल तर हा गडी कपाटात रोज लोटांगण घालतो. ट्रक केल्यावर भागांमध्ये फटी दिसता कामा नयेत. फारच स्वस्त मिळाला तर बहुधा नक्कल. परदेशातून येणार असेल तर कस्टम ड्युटी आधीच धरा. खिडकीत मात्र ठेवू नका, उन्हानं पांढरं प्लास्टिक पिवळं पडतं.

पुढे विकून नफा कमवायचा बेत असेल तर नकोच. कंपनी तेच मॉडेल पुन्हा काढते आणि भाव बसतो. रोज हातात घेऊन खटपट करणार असेल तर खुशाल घेऊ द्या. फ्रिजचं दिवाळीच्या सेलमध्ये बघा.