रात्री बारानंतर स्वतःचा निकाल लावायचा नाही

सबमिशनचे दिवस आले की माझ्याकडे येणाऱ्या मुलामुलींचा प्रश्न बहुधा हाच असतो: झोप होत नाही, काम संपत नाही, अशात पॉझिटिव्ह राहायचं कसं? आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी तर थेट म्हणाली, "मॅडम, मन पॉझिटिव्ह कसं ठेवायचं तेवढं सांगा. बाकीचं मी ओढते." (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.)

मूळची लातूरकडची, पुण्यात होस्टेलवर राहणारी. डोळे सुजलेले, तर्जनीला पट्टी. कटर लागला होता. ज्युरी, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडायची परीक्षा, दहा दिवसांवर आलेली आणि आठवडाभर रोजची झोप जेमतेम साडेतीन तास. मधली एक रात्र तर त्यांच्या भाषेत सरळ 'नाइट मारलेली', म्हणजे अजिबात न झोपता काढलेली. टेबलासमोरच्या भिंतीवर तिनं धीर देणाऱ्या वाक्यांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. "त्या वाचल्या की अजूनच अपराधी वाटतं. साधं आनंदीसुद्धा राहता येत नाही मला."

सगळ्यात वाईट कधी वाटतं, असं मी विचारलं. "पहाटे तीनच्या सुमारास," ती म्हणाली आणि मॉडेलचा किस्सा सांगितला. साइट मॉडेल १:२०० च्या स्केलचं होतं. रात्री बसून तिनं इमारतीच्या सगळ्या भिंती माउंट बोर्डातून कापल्या, कडा घासल्या, एकेक चिकटवत नेली. सकाळी रूममेट उठली आणि म्हणाली, "अगं, हे एवढं मोठं का दिसतंय?" भिंती १:१०० ने कापल्या गेल्या होत्या. सगळं दुप्पट. बोर्ड वाया, रात्र वाया. त्या कपट्यांमध्ये बसूनच तिनं ठरवून टाकलं की आर्किटेक्चर आपल्या आवाक्यातलं नाही आणि बाबांचे पैसे आपण पाण्यात घातले.

ती सकाळी आठला उठलेली होती. म्हणजे पहाटे तीनला तिला जागं होऊन एकोणीस तास झाले होते. सलग सतरा ते एकोणीस तास जागलेल्या लोकांच्या चाचण्या झाल्या आहेत. त्यांचं लक्ष आणि हातांचा वेग रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतका किंवा त्याहूनही वाईट भरला. आपल्याकडे ०.०३ टक्क्यांच्या वर गेलं की गाडी चालवणं गुन्हा ठरतो. त्या अवस्थेत ही मुलगी धारदार कटर चालवत होती आणि त्याच अवस्थेत स्वतःच्या लायकीचा निर्णयही घेत होती. झोप तुटली की मेंदूतला भीती आणि धोका टिपणारा भाग जास्त भडकतो, त्याला आवरणारा पुढचा भाग ढिला पडतो. मग सरांची साधी सूचना अपमान वाटते, राहिलेली एक ड्रॉइंगची शीट म्हणजे संपलेलं करिअर वाटतं. अशा मेंदूला 'चांगला विचार कर' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. आधी झोप, मग मन. हा क्रम मी तिच्याजवळ धरून बसले.

त्याआधी मात्र एक प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारला: "मरून जावं असं मनात येतं का?" ती थोडी थांबली. "मरायचं नाहीये. पण हे सगळं थांबावं असं वाटतं." आम्ही त्यावर बराच वेळ बोललो. दोन आठवडे नीट झोप मिळूनही मन असंच राहिलं, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं आणि तसे विचार आलेच तर त्याच क्षणी रूममेटला उठवायचं, हे ठरलं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक तिनं माझ्यासमोर फोनमध्ये टाकला. तो मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

मग कामाकडे वळलो. खरी गाठ इथेच सुटली. ज्युरीला नक्की काय मागितलंय, असं विचारल्यावर ती गोंधळली. तिच्या डोक्यात सात शीट्स होत्या. दुसऱ्या दिवशी स्टुडिओत सरांना विचारलं तर चार पुरेशा होत्या. उरलेल्या तीन तिनं मैत्रिणींची कामं बघून स्वतःवर लादून घेतल्या होत्या. हे मला वारंवार दिसतं. विचारायला संकोच वाटतो म्हणून मुलं रात्री जाळतात.

झोपेची वेळ एक ते सात ठरवली. सहा तास या वयाला कमीच, सात तरी हवेत. पण ज्युरी होईपर्यंत एवढं तरी, अशी ती तडजोड होती. कापाकापी दिवसा, रेंडरिंगसारखं (ड्रॉइंगमध्ये रंग-छाया भरण्याचं) हात आपोआप चालणारं काम रात्री. कॉफी दुपारी चारनंतर बंद, कारण पाचएक तासांनीही तिच्यातलं निम्मं कॅफीन अंगात असतं. दुपारी वीस मिनिटं डोळे मिटायचे, गजर लावून. आणि रात्री बारानंतर स्वतःबद्दल काहीही मनात आलं, तरी ते फक्त कागदावर लिहून ठेवायचं. खरं की खोटं ते सकाळी नाश्ता झाल्यावर बघायचं. चिठ्ठ्या तिनं आपणहून काढल्या.

आईशीही बोलले, तिच्या परवानगीनं. आई रोज रात्री फोन करून "झालं का गं काम?" असं काळजीनं विचारायच्या आणि फोन ठेवल्यावर हिला रडू यायचं. "ताई, त्याऐवजी काल किती झोपलीस ते विचारा," एवढंच सांगितलं. त्यांनी लगेच मानलं. लेक इतकी जागते हे त्यांना माहीतच नव्हतं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. ज्युरीच्या आदल्या रात्री ती तीनपर्यंत जागली आणि एक सेक्शन, म्हणजे इमारतीच्या उभ्या छेदाचं ड्रॉइंग, अर्धाच राहिला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी जिन्यावरून चांगलंच झापलं. "पण मॅडम, मी रडले नाही. ते काय म्हणतायत ते लिहून घेतलं आणि त्यांचं बरोबर होतं." गुण मध्यम पडले. ते लिहिलेले कागद तिनं आणून दाखवले. पहाटे दोनचं वाक्य होतं, 'मला काहीच येत नाही.' त्याखाली सकाळच्या अक्षरात होतं, 'जिन्याची हेडरूम (डोक्यावरची मोकळी उंची) येत नाही. सरांना विचारणे.'