देते, पण आतून चीड येते

"मॅडम, एक विचारू? ख्रिस्ती माणसानं 'नाही' म्हणणं पाप आहे का?"

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच त्यांनी हे विचारलं. मी समुपदेशक, हा प्रश्न मला नवा नव्हता. पाळकांच्या घरातल्यांनी तो विचारलाय, महिला मंडळाच्या बायकांनी विचारलाय, एकदा तर अख्खा स्टायपेंड मित्रांच्या उसनवारीत घालवणाऱ्या एका पोरानंही विचारला होता. शब्द वेगळे असतात, खंत एकच असते: देत तर राहतो, पण देताना प्रेम वाटत नाही, उलट चीड येते, मग आपला विश्वास खोटा म्हणायचा का?

म्हणून ही हकीकत लिहिते आहे. जिची आहे तिच्या परवानगीनं, ओळख पटेल असे तपशील बदलून. नाव देत नाही. अख्खी गल्ली त्यांना सिस्टर म्हणते, आपणही तेच म्हणू. गाव मात्र खरं ठेवलंय, कारण नगरशिवाय (आता अहिल्यानगर) ही गोष्ट कळणार नाही.

सिस्टर त्रेसष्ट वर्षांच्या. मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकल्या, पुढे सरकारी नोकरी केली, आता पेन्शन आहे. नवरा जाऊन आठ वर्षं झाली. मुलगा एमआयडीसीत कामाला, सून शिवणकाम करते, एक नात. पेन्शन हातात पडली की पहिल्या पाच दिवसांत निम्मी संपते. कुणाचं औषध, कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाच्या घराचं भाडं. भावाच्या मुलाला दुकान टाकायला पैसे हवे होते, तर पाटल्या सोनेतारण ठेवून दिले. तो पुढे फोनच उचलेना. माझ्याकडे यायला निमित्त झालं ते नातीच्या फीचं. फी मी भरते असं सिस्टरनीच सांगितलं होतं. आदल्या संध्याकाळी मंडळीतली (चर्चमधली) एक बाई दारात रडत आली आणि ते पैसे तिला गेले. दुसऱ्या दिवशी सून काही बोलली नाही. तिनं शिवणयंत्र चालू केलं आणि रात्री दीडपर्यंत चालवत राहिली.

"ती भांडली असती तर बरं झालं असतं," सिस्टर म्हणाल्या. "त्या मशीनचा आवाज अजून कानात आहे."

त्यांचा मुलगा त्यांना 'टिळकांचा अवतार' म्हणतो, हेही त्यांनी सांगितलं. नगरच्या ख्रिस्ती घरांत हा टोमणा सगळ्यांना कळतो. रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि नगरला राहिले. हाती येईल ते देऊन टाकायचा त्यांचा स्वभाव आणि त्यापायी संसार ओढताना त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची झालेली तारांबळ, दोन्ही लक्ष्मीबाईंनीच आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. देणाऱ्याच्या घरात कुणीतरी मागे उरलेलं निस्तरत असतं, हे आपल्याकडे नव्वदेक वर्षांपूर्वीच एका बाईनं सांगून झालंय. पण टिळक देताना फुलून यायचे. सिस्टर देताना आतून आक्रसून जायच्या. ही दोन माणसं वेगळी होती, आणि मला हे लगेच दिसायला हवं होतं.

नाही दिसलं. दुसऱ्याच भेटीत मी घाई केली. 'नाही' कसं म्हणायचं, कोणत्या शब्दांत म्हणायचं, याचा सरावच करून घेतला. मी मागणारी झाले, त्या नकार देणाऱ्या. त्यांनी निमूटपणे सगळं म्हणून दाखवलं, "सलाम, मॅडम" म्हणून गेल्या आणि तीन आठवडे आल्या नाहीत. नंतर कळलं की त्या रात्री त्यांना झोप लागली नव्हती. जिच्या मनात देणं म्हणजेच विश्वास, तिच्या हातून मी विश्वासच काढून घेत होते. समुपदेशकाला हे शोभत नाही. पुढच्या वेळी त्या आल्या तेव्हा मी आधी माफी मागितली.

बहुधा त्यामुळेच त्यांनी पिशवीतून ती वही काढली.

शाळेची जुनी वही, तपकिरी कागदाचं कव्हर, कोपरे मऊ पडलेले. आत दोन रकाने आखलेले. डावीकडे मिळालेलं, उजवीकडे दिलेलं. पहिल्या पानावर गोल, लहान मुलीच्या अक्षरात: 'फ्रॉक २. चप्पल १ जोड. घोंगडी १. पाटी. फी.' वर साल, १९७३.

१९७२चा दुष्काळ पडला तेव्हा सिस्टर दहा वर्षांच्या होत्या. आईवडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. घरात लाल मिलोच्या (अमेरिकेतून आलेल्या ज्वारीच्या) भाकरी, शाळेत सुकडी. दोन पोरं पोसणं होईना, म्हणून हिला नगरला बोर्डिंगात घातलं आणि भावाला घरी ठेवलं. १८३१पासून अमेरिकन मराठी मिशन या शहरात होतं, त्यातून शाळा उभ्या राहिल्या, बोर्डिंगं उभी राहिली. आमच्या भागातल्या कितीतरी घरांची पहिली शिकलेली पिढी अशा बोर्डिंगांतून आली. त्याचं ऋण मीही मानते, माझी आजी त्यातलीच. तिथं मुली जगल्या, शिकल्या. पण तिथं आणखीही काही घडत होतं.

"नाताळच्या आधी कपडे वाटायचे," सिस्टर सांगत होत्या. "लांब टेबल मांडायचे. त्या बाजूला पाहुणे, या बाजूला आम्ही, रांगेत. फ्रॉक हातात पडला की इंग्रजीत थँक्यू म्हणायचं आणि फोटोसाठी थांबायचं. माझा फ्रॉक खांद्यावर उसवलेला होता, मी हातानं झाकून धरला. बाई म्हणाल्या, हात काढ, हस. तेव्हाच ठरवलं मी. एक दिवस मी टेबलाच्या त्या बाजूला उभी राहणार."

तीस-चाळीस पानं मी त्यांच्यासमोरच उलटली. डावीकडे 'घोंगडी १' असं लिहिलेल्या ओळीसमोर, उजवीकडे, मोठ्या माणसाच्या अक्षरात होतं: 'किल्लारी, ऑक्टोबर १९९३. चादरी ११.' भूकंपानंतर स्वतःच्या पगारातून घेऊन पाठवलेल्या.

"एका घोंगडीच्या बदल्यात अकरा चादरी," मी म्हटलं. "मग ही ओळ खोडली का नाही?"

"फिटलं की नाही ते कोण ठरवणार?"

त्या खोलीत मग बराच वेळ कुणी बोललं नाही.

मला जे म्हणायचंय ते इथं आहे. सिस्टर दान करतच नव्हत्या. त्या हप्ते भरत होत्या, आणि तेही अशा कर्जाचे, जे कुणी मागितलंच नव्हतं. हप्ता भरताना कुणाला प्रेम वाटेल? भावाच्या मुलाला पाटल्या का दिल्या, तर 'भावाला शाळा मिळाली नाही, मला मिळाली' म्हणून. चीड येत होती ती मागणाऱ्यांवर नव्हतीच. दर वेळी त्या रांगेत पुन्हा उभं राहावं लागत होतं, त्याची होती. आणि चीड आली की अपराधी वाटायचं, अपराधी वाटलं की आणखी द्यायचं. कुणाला असं होत असेल तर आधी एवढंच पाहा: पैसे काढून देताना अंगात काय होतं? सिस्टरच्या छातीत धडधडायचं, रात्री आम्लपित्त उसळायचं. शरीर खोटं बोलत नाही.

मी त्यांना विचारलं, "असं कधीच होत नाही का, की देताय आणि छातीत धडधडत नाही?"

त्यांनी विचार केला. शेजारच्या घरात अर्धांगवायूनं पडलेल्या एक आजी आहेत. सिस्टर रोज सकाळ-संध्याकाळ जातात, त्यांना कुशीवर वळवतात, पाठ पुसतात, जखम व्हायला लागलीय का ते बघतात. "तेव्हा काहीच वाटत नाही, मॅडम. तेव्हा फक्त आजी असतात आणि मी असते." हे त्यांच्या वहीत कुठंच लिहिलेलं नव्हतं. त्यांना ते दान वाटलंच नव्हतं.

पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, नवव्या अध्यायात, म्हटलंय की दुःखी मनानं किंवा देणं भाग पडतं म्हणून देऊ नये. संतोषानं देणारा देवाला प्रिय असतो. या वचनाचा उत्तरार्ध आपण अर्पणाच्या वेळी नेहमी ऐकतो. पूर्वार्ध फारसा कुणी वाचून दाखवत नाही. पण मी हे वचन लगेच पुढं केलं नाही. अपराधी मनाला वचन दिलं की ते त्याचाही चाबूक करतं. आता संतोषही वाटायलाच हवा, ही आणखी एक सक्ती झाली असती.

त्याऐवजी मी त्यांना चांगल्या शोमरोन्याची, वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या माणसाची, येशूनं सांगितलेली गोष्ट सांगायला लावली. शब्बाथ शाळेत (मंडळीतल्या मुलांच्या रविवारच्या वर्गात) त्यांनी ती किती वेळा शिकवली असेल. जखमांना तेल आणि द्राक्षारस लावला, स्वतःच्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत नेलं, रात्रभर काळजी घेतली. "आणि दुसऱ्या दिवशी?" मी विचारलं. "दोन दीनार रखवालदाराला दिले. याची काळजी घे म्हणाला, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन म्हणाला." दीनार म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी, द्राक्षमळ्यातल्या मजुरांच्या दाखल्यात तसं आहे. म्हणजे दोन दिवसांचे पैसे. त्यानं आपलं जनावर विकलं नाही, प्रवास सोडला नाही. काम एकट्यावर घेतलं नाही, रखवालदाराला सोबत घेतलं. आणि तो पुढं गेला. सिस्टर बराच वेळ ओठ दाबून बसल्या. "तो पुढं गेला," त्या हळूच म्हणाल्या. "हे मी मुलांना कधी शिकवलंच नाही."

मग व्यवहाराचं बोललो. ते मी भराभर सांगते, कारण तो भाग सोपा असतो. दशांश, म्हणजे मंडळीला द्यायचा उत्पन्नाचा दहावा भाग, तसाच ठेवला, त्याला हात लावायचं कारणच नव्हतं. मदतीसाठी वेगळं पाकीट. ते रिकामं झालं की 'या महिन्याचं संपलं', एवढंच खरं वाक्य. दारात कुणी आलं की उत्तर दुसऱ्या दिवशी. परत मिळावेत अशी मनात आशा असेल तर ते दान नव्हे, उसने; तसं तोंडावर सांगायचं. आणि घरात दिलेला शब्द आधी पाळायचा, कारण बायबल ज्या शेजाऱ्यावर प्रेम करायला सांगतं त्यात नातही येते, सर्वात जवळची. भाच्याला त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं की पाटल्या मला परत हव्यात. तो चिडला, बोलायचा बंद झाला. अजूनही बंदच आहे. हे दुःख त्यांना आहे आणि ते मी पुसू शकले नाही.

अवघड होतं ते वेगळंच. माझ्याकडे पाच भेटी झाल्या तरी त्यांनी कधी पाण्याचा पेला घेतला नव्हता. "नको नको, मी पिऊन आलेय." महिला मंडळ त्यांच्या आजारपणात जेवण घेऊन आलं तर तो डबा त्यांनी शेजारच्या आजींकडे पाठवला. गुडघे पार झिजलेले, डॉक्टरांनी ऑपरेशन सांगून दीड वर्ष झालेलं, आणि त्या पुढं ढकलत होत्या. खर्चासाठी नव्हे. नंतर महिनाभर कुणाच्या तरी हातावर राहावं लागेल म्हणून.

सहाव्या भेटीत मी योहानाच्या शुभवर्तमानातल्या तेराव्या अध्यायाकडे गेले. येशू शिष्यांचे पाय धुतो तो प्रसंग. "पेत्र काय म्हणाला?"

"म्हणाला, तुम्ही माझे पाय कधीही धुवायचे नाहीत."

"का म्हणाला असेल?"

मला वाटलं, त्या नम्रतेबद्दल सांगतील. मंडळीत तसंच सांगतात. पण सिस्टर खिडकीकडे बघत म्हणाल्या, "लाज वाटली असेल त्याला. पाय घाण असतील." आणि त्यांचा उजवा हात आपोआप डाव्या खांद्यावर गेला, तिथं झाकल्यासारखा. त्यांना ते कळलं नाही. मला कळलं. पन्नास वर्षांपूर्वीचा उसवलेला फ्रॉक त्या अजून झाकत होत्या.

मी विचारलं, "येशूनं त्याला हात काढ, हस, असं म्हटलं का?"

त्या रडल्या. मीही डोळे पुसले, लपवत नाही. बाहेर पडताना त्यांनी टेबलावरचं पाणी घेतलं, उभ्या उभ्या, घोटभर.

ऑपरेशन फेब्रुवारीत झालं. मार्चअखेर त्या वॉकर घेऊन आल्या, सोबत सून. सून बाहेर बाकावर बसायला निघाली तर सिस्टरच म्हणाल्या, बस इथंच. दवाखान्यातली पहिली रात्र त्यांनी सांगितली. आयुष्यभरात हजारो पेशंटना ज्यांनी बेडपॅन दिलं, त्यांना ते मागायची वेळ आली आणि तोंडातून शब्द फुटेना. दोन तास तशाच पडून राहिल्या. शेवटी सुनेलाच कळलं. तिनं काही न बोलता पडदा ओढला.

"मग?" मी विचारलं.

सून म्हणाली, "मग मी म्हटलं, मम्मी, कूस बदला. आणि मला काही जमेना. मी पायाला धरून वळवायला गेले."

"पायाला धरतात होय," सिस्टर म्हणाल्या. "कळ मस्तकात गेली. मग मी तिला दाखवलं, एक हात खांद्यामागं, एक कमरेखाली, दोन गुडघ्यांमध्ये उशी. तिसऱ्या दिवशी बरोबर जमलं हिला." त्यांनी वॉकरवरचा हात काढून सुनेच्या मनगटावर ठेवला. "आता शेजारच्या आजींकडे सकाळी हीच जाते. मला जिना उतरायला बंदी आहे ना अजून."